मुंगळ्याच्या दोन राण्या सापडल्यात. वसाहत होणार की नाही, कसं ओळखायचं?

कराडची_मास्तरीण | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार. प्रश्न जरा विचित्र आहे, हसायचं असेल तर आधी हसून घ्या.

मी शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते. मृग लागला त्या संध्याकाळी आमच्याकडे तासभर दणकून पाऊस झाला. थांबल्यावर गच्चीवर प्लॅस्टिकचा कागद गोळा करायला गेले, तर कठड्यावर पंखवाले मुंगळे नुसते सांडल्यासारखे. त्यांतच एक जाडजूड काळी, बिनपंखांची, घाईघाईने भिंतीच्या कडेने चाललेली. संक्रांतीच्या वाणात आलेली एक पारदर्शक डबी हाताशी होती, तीत धरली. लाईट गेलेली होती, ती आठला आली. मग व्हरांड्यातल्या ट्यूबलाईटवर तशीच दुसरी दिसली, पण हिला चारही पंख. तिलाही धरलं.

शाळेच्या विज्ञानपेटीतून दोन टेस्ट ट्यूब आणल्या. तळाला पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, मग तोंडाला कापूस. दोन्ही ट्यूब माझ्या साड्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात, अंधारात. बिनपंखवालीला 'अ' म्हणते, पंखवालीला 'ब'. पट्टीवर मोजल्या तर दोघी दीड सेंटीमीटरच्या थोड्या वरच.

आज चार दिवस झाले. अंडं नाही. अ सारखी फिरते आणि तोंडाकडचा कापूस ओढते. ब पाण्याकडच्या बोळ्याला टेकून बसलीय, हलत नाही. रोज दोनतीनदा टॉर्च लावून बघते. साखरपाण्याचा थेंब ठेवला होता, दोघींनी तोंड लावलं नाही.

या राण्याच आहेत ना? असल्या तर पिल्लं होणार की नाही हे आत्ताच कळायचा काही मार्ग आहे का? सातवीच्या पोरांना "आपण वारूळ करणार" असं सांगून बसलेय. आणि सासूबाई म्हणतात, "ओट्यावर मी खडू ओढायचा आणि हिने कपाटात मुंगळे पाळायचे!"

---

चहाबाज | १२ जून, रात्री १०:०५

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि गुळाची ढेप वरच्या फळीवर हलवा.

---

गोदाकाठ | १२ जून, रात्री १०:३१

ताई, आधी वाळवी नाही ना ते बघा. पहिल्या पावसात दिव्याभोवती जे ढिगाने येतं ते बहुतेकदा वाळवीचंच असतं. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि अंगाच्या दुप्पट लांब, कंबर नाहीच, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर बारीक आणि मिशा कोपरात दुमडल्यासारख्या. आमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी "मुंगीची राणी" म्हणून बरणीत आठवडाभर वाळवी सांभाळली होती.

---

कराडची_मास्तरीण | १२ जून, रात्री १०:४४

नाही नाही, काळ्या कुळकुळीत आहेत आणि कंबर सुईएवढी. मिशा दुमडलेल्या. वाळवी नक्की नाही.

---

वारूळवेडा (चिपळूण) | १३ जून, सकाळी ६:१५

बाई, नमस्कार. मी एसटीच्या डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होतो, आता निवृत्त. मुंग्या पाळायला लागून नऊ पावसाळे झाले. आमच्या घरचे बोलून बोलून थकले, तुमच्याही थकतील.

पण पुढचं वाचायच्या आधी एक सांगा. साड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या आहेत का? असतील तर आत्ता उठा आणि ट्यूब बाहेर काढा. बाकीचं चहा घेताना वाचा.

तुम्ही सांगताय त्यावरून हा आपला नेहमीचा मोठा काळा मुंगळाच, 'कॅम्पोनोटस' कुळातला. आता राणी का कामकरी? यात लोक फार फसतात. मुंगळ्यांच्या एकाच वारुळात सगळ्या मापाचे कामकरी असतात, आणि त्यांतल्या मोठ्याचं डोकं एवढं दांडगं असतं की त्यालाच राणी समजून लोक महिनाभर अंड्यांची वाट बघत बसतात. मी स्वतः पहिल्या वर्षी बसलो होतो. डोक्याकडे बघू नका, छातीकडे बघा. कामकऱ्याला बाजूने बघितलं तर मानेपासून कंबरेपर्यंत पाठीची एकच सरळ उतरती कमान. राणीची छाती म्हणजे पैलवानाची, फुगलेली, वर वेगवेगळे पत्रे बसवल्यासारखे भाग, कारण त्यात उडायचे स्नायू भरलेले. आणि पंख गळाले असतील तर छातीच्या दोन्ही बाजूंना त्याचे वण राहतात. ट्रॉली सोडवल्यावर ट्रॅक्टरला हुक राहतो ना, तसे. भिंग असेल तर अ ला एकदाच बघा आणि झाका. नर वेगळाच दिसतो: लुकडा, डोकं एवढंसं, डोळे मोठे. तो उडून झालं की एकदोन दिवसांत मरतो. मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं म्हणतात ते त्याच्या बाबतीत अगदी खरं. राणीच्या बाबतीत उलटं, तिचं सगळं तिथूनच सुरू होतं.

(जाता जाता. आपण 'मुंगळा' म्हणतो, पण गुळाकडे चाललेली ती सगळी रांग बायकांचीच असते. कामकरी सगळ्या माद्या. पोरांना सांगा, वर्गात दंगा होईल.)

आता तुमचा खरा प्रश्न. नुसतं बघून ती फळलेली (म्हणजे नराशी भेट झालेली) आहे की नाही हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. बॉनेट न उघडता इंजिनात ऑईल किती ते सांगा म्हटल्यासारखं आहे. अंदाज मात्र बांधता येतो.

लोकांचा एक ठोकताळा असतो, पंख गळाले म्हणजे लग्न झालं. त्याला कारण आहे. राणी एकदाच उडते, नराशी भेट हवेत होते, खाली उतरली की पायांनी घासून स्वतःचे पंख पाडते आणि जमिनीत शिरायला भोक शोधते. तुमची अ नेमकी तेच करत होती: संध्याकाळ, पाऊस उघडलेला, पंख नाहीत, भिंतीच्या कडेने जागा शोधणं. ट्यूबलाईटवरची ब मात्र उडायला निघाली आणि उजेडाने वाटेतच ओढली गेली, असं होऊ शकतं. दिव्यावर सापडलेल्या राण्यांचा माझा अनुभव वाईट आहे. माझ्या वहीत नऊ वर्षांच्या एकतीस राण्या आहेत. त्यांतल्या आठांनी कामकरी काढले, आणि त्या आठांतल्या सात मी जमिनीवरून उचललेल्या होत्या. पैज लावायची तर माझे पैसे अ वर.

पण ती कापूस ओढतेय हे मला आवडलं नाही. पहिले दोन दिवस सगळ्याच पळतात, बाटलीत कोंडल्यावर कोण पळणार नाही. फळलेली साधारण तीनचार दिवसांत पाण्याजवळ मुक्काम टाकते.

खायला काही देऊ नका. साखरपाणी काढून टाका, बुरशी येते. मुंगळ्याची राणी पहिले कामकरी बाहेर पडेपर्यंत काही खात नाही. आता ते उडायचे स्नायू तिला नकोच आहेत, ते आतल्या आत विरघळतात, त्यावर आणि अंगच्या चरबीवर ती स्वतः जगते आणि अळ्यांनाही भरवते. टाकी फुल करूनच डेपोतून निघालेली असते. पाणी तेवढं संपता कामा नये.

आणि ती टॉर्च बंद करा बाई. रोज दोनतीनदा म्हणजे फार झालं. २०१९ मध्ये माझ्याकडे एका राणीने चौदा अंडी दिली होती. नातू सुट्टीला आला, त्याला दाखवायच्या नादात दिवसातून दहा वेळा ट्यूब बाहेर आली. सोमवारी चौदा, गुरुवारी शून्य. घाबरली की राणी स्वतःची अंडी खाते. उजेडापेक्षाही तिला हादरा नको असतो. फ्रिजशेजारी नको, मिक्सरच्या ओट्याखाली नको, ज्या कपाटाचं दार धाडकन लागतं तेही नको. आठवड्यातून एकदा, रविवारी, मिनिटभर. हात साबणाने धुऊन, कारण सासूबाईंचा तो खडू म्हणजे कीटकनाशक. तो तुमच्या बोटाला असला तर अंड्यांची चर्चाच संपली.

सगळं जमलं तर अंडी एकदोन आठवड्यांत दिसतील. अंड्यापासून पहिला कामकरी बाहेर यायला सहा ते आठ आठवडे. गार पडलं तर आणखी. म्हणजे पोरांना नागपंचमीचा वायदा द्या, त्याच्या आतला नको.

---

कराडची_मास्तरीण | १३ जून, सकाळी ७:०२

काका, डांबराच्या गोळ्या होत्या!! चार!! ट्यूब काढल्या, आता देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवल्यात. दोघी जिवंत आहेत. अ च्या छातीवर वण दिसले, अगदी तुम्ही म्हणालात तसे.

---

वारूळवेडा | १३ जून, सकाळी ७:१०

देवघरात सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावता ना?

---

कराडची_मास्तरीण | १३ जून, सकाळी ७:१३

😐 आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत ठेवते. माळ्यावर आहे, कोणी हात लावत नाही.

---

भिंगातून | १३ जून, दुपारी १:२०

पुण्यात प्राणीशास्त्रात एमएस्सी करतेय. काकांचं जवळजवळ सगळं पटलं, पण ब ला इतक्यात बाद करू नका.

पंख गळणं आणि फळलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न फळलेली राणीही कोंडल्यावर, ताणाने किंवा नुसते दिवस गेल्यावर पंख टाकते. आणि फळलेली एखादी पंख आठवडेच्या आठवडे बाळगते, तशीच अंडीही घालते. दिव्यावर येणारी भेट होण्याआधीच आली असेल असंही नाही, भेट उरकून परतताना ओढली गेलेली असू शकते.

खात्रीचा एकच उपाय आहे आणि तो तुम्हाला नको आहे. राणीच्या पोटात वीर्य साठवायची एक बारीक पिशवी असते. चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर भरलेली पिशवी दुधासारखी पांढरी दिसते, रिकामी काचेसारखी. आम्ही प्रॅक्टिकलला बघितलीय. उत्तर मिळतं, राणी जाते.

त्या एका संध्याकाळी भरलेली पिशवी तिला जन्मभर पुरते, पुन्हा नर लागत नाही. इंग्लंडमध्ये जॉन लबक या मुंग्यांच्या अभ्यासकाने पाळलेली एक राणी १८८८ मध्ये मेली तेव्हा जवळपास १५ वर्षांची होती. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी तर माणसाच्या देखरेखीखाली २८ वर्षांहून जास्त जगली.

आणि ताई, अंडी दिसली म्हणून लगेच पेढे वाटू नका. मुंग्यांत न फळलेल्या अंड्यातूनही जीव होऊ शकतो, पण तो नर होतो. फळलेल्या अंड्यातून मादी, म्हणजे कामकरी किंवा राणी. त्यामुळे कोरी राणीही अंडी घालते. बहुतेकदा ती वाळतात किंवा ती स्वतःच खाते, क्वचित वाढलीच तर शेवटी कोषातून पंखवाला नर बाहेर पडतो, जो एका कामाचा नाही. म्हणजे अंडी हा पुरावा नाही, अळी हाही पूर्ण पुरावा नाही. पहिलं बिनपंखांचं पोर कोषातून बाहेर आलं की मगच पावती फाटली.

---

वारूळवेडा | १३ जून, दुपारी ३:४५

पोरी, शिकलेली आहेस, ऐकतो. पैज बदलत नाही मात्र.

---

खारघरचा | १४ जून, रात्री ११:१८

याच विषयात माझाही प्रश्न घुसवतो. बाथरूमच्या फटीत त्या बारीक पिवळसर मुंग्या असतात, त्यांची राणी पकडली (कामकऱ्यांपेक्षा दुप्पट, जरा गडद). ट्यूबमध्ये एकटी ठेवलीय, पाच दिवसांत मेल्यासारखी झालीय. आणि मुंगळ्याची राणी ऑनलाईन विकत मिळते म्हणे, घ्यावी का?

---

भिंगातून | १४ जून, रात्री ११:५०

तुमची फारो मुंगी असावी. तिचा हिशेबच वेगळा. त्या हवेत उडून लग्न करत नाहीत, घरट्यातल्या घरट्यातच भेट होते, एका घरट्यात राण्या पुष्कळ, आणि नवं घर करायचं तर काही कामकरी अंडी-अळ्या उचलून दुसरीकडे राहायला जातात. एकटी राणी तिथे काहीच करू शकत नाही, तिला भरवायला माणसं लागतात. (घरातून घालवायच्या असतील तर फवारा मारू नका, एकाच्या चार वसाहती होतात.)

सगळ्यांचा आणखीच निराळा नमुना हवा असेल तर आपल्याकडची डायाकामा बघा. काळी, अंगावर रेघारेघा, जमिनीवर एकटीदुकटी शिकार करत फिरते. त्यांच्यात राणी नावाची वेगळी मुंगीच नसते, कामकऱ्यांतलीच एक फळते आणि अंडी घालते. तिथे "राणी सापडली का" हा प्रश्नच येत नाही. म्हणून आधी जात ओळखा, मग बाकीचं.

---

वारूळवेडा | १५ जून, सकाळी ६:०५

विकत घेऊ नका. विकणाऱ्याने कुठून आणली, परमुलखातली तर नाही, काही कळत नाही. ती सुटली तर इथल्या मुंग्यांचं काय होईल ते कोण बघणार? २०२५ मध्ये केनियात बेल्जियमची दोन पोरं पकडली, त्यांच्याकडे पाच हजार राण्या सापडल्या. कशात, तर टेस्ट ट्यूबमध्ये, कापसाचा बोळा लावून! आपलंच तंत्र. दहा लाख केनियन शिलिंग दंड, नाहीतर वर्षभर तुरुंग. आपल्या अंगणात पावसाळ्यात फुकट चालत येतात त्यांतली एखादी घ्या. एक किंवा दोन. पोतंभर नको.

---

कराडची_मास्तरीण | १७ जून, रात्री ८:३०

काका, रविवारची वाट बघायला हवी होती, पण राहवलं नाही.

ब ने अंडी दिलीत!! पाच दिसली, पांढरट, लांबुळकी, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. एकत्र चिकटवून ठेवलीत आणि ती त्यांच्यावर बसून आहे. चारही पंख अजून अंगावर!

अ कडे काही नाही. कापूस अर्धा बाहेर ओढलाय, बदलला.

---

भिंगातून | १७ जून, रात्री ८:४१

😊 काही बोलत नाही.

---

वारूळवेडा | १७ जून, रात्री ९:००

अंडी हा पुरावा नाही, असं कोणीतरी शिकलेलंच म्हणालं होतं वर.

बाई, आता दोन आठवडे ट्रंक उघडायची नाही.

---

कराडची_मास्तरीण | १ जुलै, संध्याकाळी ६:५०

आज अ गेली. पाय आवळून कापसाजवळ पडली होती. धरल्यापासून तेविसावा दिवस. एकही अंडं दिलं नाही. मलाच जरा वाईट वाटलं, पोरांना तर फारच. एका मुलीने तिला कुंडीत पुरलं आणि वर जास्वंद ठेवलं.

मला सारखं वाटतंय की त्या डांबराच्या गोळ्यांनी झालं असेल. चार दिवस त्याच कपाटात होती.

---

वारूळवेडा | १ जुलै, रात्री ८:२०

गोळ्या असत्या तर ब पण गेली असती, दोघी एकाच कप्प्यात होत्या ना. उगीच मनाला लावून घेऊ नका. आतून परजीवी असेल, भेट झालीच नसेल, नाहीतर उतरताना कुठे मार लागला असेल. निसर्गात तर याहून वाईट आहे. एका संध्याकाळी शेकड्यांनी राण्या उतरतात, सकाळपर्यंत साळुंक्या, पाली, बेडूक आणि दुसरे मुंगळे मिळून बहुतेकींचा निकाल लावतात. जमिनीत शिरलेल्यांपैकीही थोड्याच टिकतात.

माझे पैसे मात्र गेले. वहीत लिहिलंय: "कराड, अ, शून्य." आणि पुढे कंसात, "मी चुकलो."

ब ची काय हालहवाल?

---

कराडची_मास्तरीण | १ जुलै, रात्री ८:५५

ब कडे आता अंड्यांत दोन वेगळे दिसतात. जरा वाकडे, एका टोकाला निमुळते, चकाकी कमी. मोबाईलच्या कॅमेऱ्याला भिंग लावून काढलेला फोटो टाकलाय. आणि एका बाजूचे दोन्ही पंख गळालेत, दुसऱ्या बाजूचे तसेच. बिचारी एका बाजूला कललेली दिसते.

---

भिंगातून | १ जुलै, रात्री ९:३०

त्या अळ्या आहेत ताई! वाकडं टोक म्हणजे तोंड. अंडी फुटली. आता या टप्प्यावर राणी स्वतःच्या तोंडातून त्यांना भरवेल, काही अंडीही त्यांना खाऊ घालेल. म्हणून अंड्यांची संख्या कमी झाली तर घाबरू नका.

---

चहाबाज | २ जुलै, सकाळी ९:१५

मी इथे टिंगल करायला आलो होतो, आता रोज सकाळी आधी हा धागा उघडतो. पुढे काय झालं?

---

कराडची_मास्तरीण | १९ जुलै, दुपारी ४:१०

चार कोष! फिकट पिवळसर, कागदी, बडीशेपेच्या दाण्यासारखे, एका टोकाला काळा ठिपका. आणखी तीन अळ्या लठ्ठ झाल्यात. राणीचे उरलेले पंखही पडले, कापसाला चिकटलेले सापडले, वहीत चिकटपट्टीने लावून ठेवलेत.

ती बारीक झालीय. पोट आधी टम्म होतं, आता आवळलंय. काही देऊ का? एक थेंब मध?

आणि पोरांचा प्रश्न: नर निघणार की कामकरी, हे कोषावरून कळतं का?

---

वारूळवेडा | १९ जुलै, संध्याकाळी ५:००

देऊ नका. कळतंय मला जीव तुटतोय ते, पण आता ट्यूब उघडली तर हादरा बसेल. पहिले कामकरी निघेपर्यंत तिची टाकी पुरते, काटा रिझर्व्हला आलाय एवढंच. पाणी किती उरलंय ते बघा, बस्स.

कोषाचा तो काळा ठिपका म्हणजे अळीने कोष विणून झाल्यावर आत टाकलेली घाण. मुलांना ते नक्की आवडेल.

---

भिंगातून | १९ जुलै, संध्याकाळी ५:४०

कोषावरून छातीठोक नाही, पण एक अंदाज. पहिल्या खेपेचे कामकरी मुद्दाम छोटे निघतात, कारण राणीकडे एवढंच रेशन असतं. त्यामुळे त्यांचे कोषही छोटे. नराचा मोठा असता. बडीशेपेएवढे म्हणताय ते ऐकून मला बरं वाटलं. (मुंग्यांत सगळ्याच जातींत कोष नसतो हेही मुलांना सांगा. बऱ्याच लहान मुंग्यांची पिल्लं उघडीच असतात, पांढऱ्या बाहुल्यांसारखी.)

---

कराडची_मास्तरीण | २ ऑगस्ट, रात्री १०:२०

हात थरथरतोय, चुका झाल्या तर समजून घ्या.

आज शनिवारीच ट्रंक उघडली (रविवारी पाहुणे येणार आहेत, म्हणून आदल्या दिवशी). एक कोष फाटलेला. राणी त्याच्या तोंडाशी, जबड्याने कुरतडून ओढतेय. आणि आतून एक मिशी. मग डोकं. फिकट, चहात दूध जास्त झाल्यावर दिसतो तो रंग. पाच मिनिटांत अख्खी बाहेर आली आणि एका कुशीवर पडून राहिली. नेहमीच्या मुंगळ्याच्या निम्मीसुद्धा नाही. मी आधी मेली समजले. मग पाय हलला.

पंख नाहीत. तीनदा बघितलं. पंख नाहीत!

अंडी दिसली त्या दिवसापासून सेहेचाळीस दिवस. सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढीशी? हिच्यासाठी दोन महिने माळ्यावर चढत होतीस?" मग भिंग मागितलं.

---

भिंगातून | २ ऑगस्ट, रात्री १०:२६

पावती फाटली!!! अभिनंदन ताई. ब फळलेली होती, पहिल्या दिवसापासून, पंखांसकट.

---

चहाबाज | २ ऑगस्ट, रात्री १०:३३

पेढे. मी वाटतो.

---

वारूळवेडा | ३ ऑगस्ट, सकाळी ५:५०

शाब्बास! वहीत दिव्यावरच्या राण्यांचा रकाना आता दोनवर गेला. ठोकताळा बदलावा लागेल, नाहीतर निदान पेन्सिलीने लिहावा लागेल.

आता ऐका. रंग गडद व्हायला तीनचार दिवस लागतात, तोवर तिला हात लावू नका. दोनतीन जणी चालत्या झाल्या की मग पहिलं जेवण. पत्र्याच्या चकतीवर किंवा फॉईलच्या तुकड्यावर टाचणीच्या टोकाएवढं साखरपाणी. टाचणीच्या! जास्त झालं तर त्यातच बुडून मरतात, माझ्या दोन मेल्यात. दोन दिवसांनी उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचा कण, किंवा हाताने मारलेला डास. रॅकेटने मारलेला चालेल, फवाऱ्याने किंवा कॉईलने मेलेला चालणार नाही. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचं. ट्यूब बदलायची घाई नको, वीसपंचवीस होईपर्यंत आहे त्यातच सुखाने राहतील. मोठं काचेचं वारूळ वगैरे विकत घेऊ नका, एवढ्या मोठ्या घरात त्या बावरतात आणि कोपऱ्यात कचरा करून बसतात.

---

कराडची_मास्तरीण | ९ ऑगस्ट, दुपारी २:००

चार झाल्या. पाचव्या कोषात हालचाल आहे. काल साखरपाणी दिलं, पहिली आली, पोट भरून घेतलं आणि थेट जाऊन राणीच्या तोंडाला तोंड लावलं. दोन महिन्यांनी तिच्या पोटात काहीतरी गेलं. सातवी ब च्या वर्गाने ते मोबाईलवर बघितलं आणि सगळे एकदम गप्प बसले. पंधरा वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं.

आता पुढचा प्रश्न, काका. गणपती जवळ आले. मंडळाचा मंडप आमच्या दारासमोरच असतो आणि ढोलपथक गच्चीखाली सराव करतं. माळा नुसता हादरतो. ट्रंक कुठे ठेवू?

---

वारूळवेडा | ९ ऑगस्ट, दुपारी २:४०

माळा नको मग. घराच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर, भिंतीला न टेकवता. ट्रंकेखाली जुनी गोधडी चार घड्या करून. ट्यूब गुंडाळायच्या नाहीत, पण दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावा म्हणजे घरंगळणार नाहीत. माहेर जवळ असेल तर दहा दिवस तिकडे न्या, पण एसटीने नेणार असाल तर मागच्या सीटवर बसू नका. मागचा ॲक्सल कसा उडतो ते मला विचारा. पुढून तिसरी सीट, ट्यूब मांडीवर.